एकशे बारा नंबरचं झाड

मी टेप बोलतेय, झाडं मोजायची टेप. शिंप्याच्या गळ्यात असते ती माझी धाकटी बहीण समजा. ती माणसं मोजते, मी झाडं. अंगाने पंधरा मीटर लांब, पण राहते एका गोल चामडी डबीत, गुंडाळून. खरं तर बोलणं माझं काम नाही. आकडा माझ्या अंगावर असतो, तो वाचायचा माणसाने. आज मात्र मला राहवत नाही.

माझे पहिले मालक म्हणजे साहेब. शहराच्या मोठ्या बागेतलं प्रत्येक झाड वर्षातून एकदा मोजायचं, ही त्यांची नोकरी. छातीच्या उंचीवर खोडाभोवती मला गुंडाळायचं, आकडा वहीत लिहायचा. साहेबांची एक खोड होती. आकडा ते मोठ्याने वाचायचे, तोही झाडाकडे बघून. मग खोडावर थाप मारून म्हणायचे, "वाढलास हो." लोक हसायचे. एक आजोबा तर त्यांना रोज थर्मासमधला चहा पाजायचे. कोटाच्या खिशात हात घालून साहेब मला दिवसातून शंभर वेळा बाहेर काढत. वीस वर्षांत कोणी विचारलं नाही, खिशात काय आहे म्हणून.

साहेब निवृत्त झाले आणि मी त्यांच्या हाताखालच्या माणसाकडे आले. कचेरीत त्याला सगळे 'लंबू' म्हणतात. नाकासमोर चालणारा, कामात चोख, रंगाने काळा. हे शेवटचं मी सांगितलंही नसतं. झाडाची साल कुठल्या रंगाची, हे मला कधी लिहावं लागलेलं नाही.

लंबूच्या बायकोने त्याच्या कोटाला आतून एक खोल खिसा शिवला. "टेप आणि ओळखपत्र दोन्ही यातच ठेवायचं," तिने बजावलं, "तुझं काही हरवलं की घर डोक्यावर घेतोस." साहेबांची खोड लंबूने जशीच्या तशी उचलली होती. तोही आकडा मोठ्याने वाचायचा.

त्या सकाळी आम्ही एकशे बारा नंबरच्या झाडाशी आलो. कोवळं झाड, मागच्या वर्षी घेर पंचावन्न सेंटीमीटर. एका बाईंनी त्याला जाळीची झोळी बांधली होती. झोळीत नात झोके घेत होती आणि प्रत्येक झोक्याला दोरी सालीत रुतत होती.

"ताई, ही दोरी सोडाल का?" लंबू म्हणाला. "झाड लहान आहे, साल कापली जातेय. मागच्या मोठ्या झाडांना बांधा. हवं तर मी बांधून देतो."

"तुम्ही कोण मला सांगणारे?"

"मी झाडं मोजतो. बागेचाच माणूस आहे."

"बागेची माणसं मी ओळखते. रोज येते मी."

"ओळखपत्र दाखवतो की," असं म्हणून त्याने कोटाच्या आतल्या खिशात हात घातला. त्याची बोटं मला लागली.

"हात बाहेर काढा," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज बदलला होता. त्याने हात रिकामाच बाहेर काढला आणि तो मागे सरकला. बाईंनी आपल्या पर्समध्ये हात घातला. त्यांना कोणी थांबवलं नाही. त्यांनी फोन काढला.

"बागेत एक काळा माणूस आहे. माझ्या नातीजवळ येतोय. त्याच्या खिशात काहीतरी आहे. अगदी अंगावर आलाय हो."

अंतर ही माझी जन्माची विद्या. दोघांमध्ये साडेचार मीटर होते. मी खिशातून ओरडत होते, साडेचार, साडेचार! पण माझं कोण ऐकणार?

"मी जातो, ताई," लंबू म्हणाला.

"पळून जातोय," बाईंनी फोनवर सांगितलं.

मग तो गेलाही नाही. एका जागी उभा राहिला, दोन्ही हात अंगापासून लांब धरून.

पोलीस दोन आले. एक वयस्क, एक तरुण. तरुणाचा हात कमरेच्या पिस्तुलावर होता.

"हात वर. खिशात काय आहे?"

"टेप आहे, साहेब. आणि ओळखपत्र."

"काढून दाखव."

लंबू हलला नाही. "मी हात नाही घालणार," तो म्हणाला. "तुम्हीच काढा."

त्याला खरा ठरवणारी वस्तू मीच होते, आणि त्याचा जीव गेला असता तर तोही माझ्यामुळेच गेला असता. त्याच्या काळजाची धडधड माझ्या डबीवर आपटत होती.

वयस्क पोलिसाने मला काढलं. मी निसटले आणि गवतावर लांबच्या लांब उलगडले. बघा, म्हटलं, माझ्यात लपवण्यासारखं काय आहे ते. पोलिसाने ओळखपत्र उलटसुलट पाहिलं.

"बाई घाबरल्या होत्या," तो लंबूला म्हणाला. "समजून घ्या. आज घरी जा."

"आता मला काय माहीत?" बाई म्हणाल्या. "काळजी घेतलेली बरी."

दोरी सोडायला त्यांना कोणी सांगितलं नाही. लंबूने गुडघ्यावर बसून मला गुंडाळलं.

त्या संध्याकाळी बायकोने कोट मागून घेतला आणि तो आतला खिसा शिवून बंद केला. मग बाहेरचे दोन्हीही बंद केले. ती रडत नव्हती, पण टाके फार जवळजवळ घालत होती. साहेब भेटायला आले होते. "मी वीस वर्षं..." एवढंच म्हणाले.

आता मी खिशात नसते. लंबू मला गळ्यात अडकवतो, ओळखपत्र छातीवर लावतो, वरून पिवळं जाकीट घालतो. मी दिवसभर हिंदकळत असते. कोणी जवळून जाऊ लागलं की तो काम सोडतो आणि हात अंगापासून लांब धरून उभा राहतो, ते माणूस पुढे जाईपर्यंत. लोक 'नमस्कार' म्हणून जातात. त्यांना वाटतं, किती अदबीचा माणूस.

आज दोन महिन्यांनी आम्ही पुन्हा त्या झाडाशी आलो. दोरी गेली होती, सालीवर तिचा चर होता. त्याने मला खोडाभोवती गुंडाळलं, वाकून पाहिलं, वहीत लिहिलं. मी वाट पाहत होते. तो एक अक्षर बोलला नाही. थापसुद्धा मारली नाही.

तुम्ही बागेत याल तेव्हा पर्समध्ये हात घालण्याआधी त्याला एकदा विचारा, काय मोजताय म्हणून. तो सांगेल. सांगायला त्याला किती आवडायचं, ते मला माहीत आहे.

एकशे बारा नंबरचं झाड, घेर सत्तावन्न सेंटीमीटर. वाढलास हो.