किल्लीच्या पोटातली किल्ली

मित्रांनो, मला पाहून कोणी किल्ली म्हणणार नाही. मी काळी, गुळगुळीत, झिजलेल्या साबणाच्या वडीएवढी आहे. अंगावर तीन बटणं आहेत आणि त्यातल्या एकावरचं कुलपाचं चित्र बोटं लागून लागून पुसून गेलं आहे. तरी मी किल्लीच आहे, मोटारीची, आणि आता म्हातारी झाले आहे. म्हातारपणी माणसं नातवंडांना जवळ घेऊन गोष्टी सांगतात. मला नातवंडं नाहीत, म्हणून तुम्हाला धरून बसवलं. शिवाय मला थोडं भांडायचंही आहे.

माझा जन्म एका लांबलचक, पांढऱ्या दिव्यांच्या कारखान्यात झाला. एका हिरव्या पट्टीवर मोहरीएवढे तुकडे डकवले, वर नाण्यासारखा चपटा सेल बसवला आणि शिंपल्यासारखं कवच मिटवलं. शेवटी एका कामगार बाईने माझ्या पोटात एक पातं सरकवलं. पातं म्हणजे साधी, लोखंडी, दातांची, जुन्या वळणाची किल्ली. "असू दे बाई, अडीअडचणीला," ती शेजारणीला म्हणाली आणि मला पुढे ढकललं.

मग मला दुकानात आणलं. विक्रेता मला तळहातावर घेऊन गिऱ्हाइकांना सांगायचा, "हिला खिशातून काढायचंसुद्धा नाही. जवळ जा, दार उघडेल. बटण दाबा, गाडी सुरू. गाडी तुम्हाला ओळखते!"

गाडी त्यांना ओळखत नव्हती, मित्रांनो. मला ओळखत होती. पण ते दिवस कौतुकाचे होते, म्हणून मी गप्प बसले.

मला ज्या घराने नेलं, तिथे दोघं राहत. ताई आणि तिचा नवरा. ताई दुभाषी. पण परक्या भाषांची नव्हे, हातांच्या भाषेची. तिच्या आईला ऐकू येत नसे, त्यामुळे ताई तोंडाने बोलायच्या आधी हातांनी बोलायला शिकली होती. ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासोबत ती दवाखान्यात, शाळेत, बँकेत, न्यायालयात जायची. ते हातांनी जे सांगत ते ती मोठ्याने बोलायची, आणि समोरचा जे बोले ते हातांनी सांगायची.

तिचा नवरा विमा विकायचा, पण सगळं नातेवाईकमंडळ त्याला खटपट्या म्हणायचं. घरातली एकही वस्तू त्याने उघडायची सोडली नव्हती आणि एकही नीट बंद केली नव्हती. गाडीसोबत आलेलं जाडजूड माहितीपुस्तक मात्र त्याने कधी उघडलं नाही. "गाडी चालवायला पुस्तक कशाला वाचायला हवं?" असं म्हणून त्याने ते प्लास्टिकसकट गाडीच्या कप्प्यात कोंबलं.

मी वर्षानुवर्षं चाकरी केली. ताईच्या पर्समध्ये कंगवा, सुटी नाणी, वितळलेल्या गोळ्या आणि एक कायम गळणारं पेन यांच्या गर्दीत राहिले. एकदा खटपट्याच्या पँटच्या खिशातून कपडे धुवायच्या यंत्रात जाऊन आले. एकदा भाचरांनी माझा मोबाइल करून दिवसभर "हॅलो, हॅलो" केलं. मी कुरकुर केली नाही. पण दिवसरात्र गाडीला साद घालता घालता माझा सेल उतरत चालला होता.

मी सांगितलं नाही असं कोणी म्हणू नये. गाडीच्या पडद्यावर रोज एक छोटी किल्ली उमटायची आणि खाली अक्षरं यायची, 'किल्लीचा सेल कमी आहे.' यापेक्षा सरळ कसं सांगायचं? ताईने ते पाहिलं आणि विचारलं, "अरे, हे सारखं काय येतंय?"

"गाड्यांना सवय असते," खटपट्या म्हणाला. "ते 'ठीक आहे' दाब. जातं."

दाबलं. गेलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा आलं, पुन्हा दाबलं. पुढे दार लांबून उघडेना, म्हणून ते जवळ जाऊन उघडू लागले. जवळूनही उघडेना, तेव्हा बटण दोनदा दाबू लागले, मग चारदा, मग दात-ओठ खाऊन. अरे, माझ्या अंगात जोर नाही, तर तुमच्या अंगठ्याच्या जोराने काय होणार आहे!

आणि माझा आवाज गेला तो नेमका ज्या दिवशी जायला नको होता त्या दिवशी.

त्या दिवशी ताईला शेजारच्या शहरातल्या न्यायालयात जायचं होतं. तिथे एक बेकरीवाला तिची वाट पाहत होता. त्याला जन्मापासून ऐकू येत नसे. त्याची बायको आजारात गेली, तेव्हा त्यांची लहान मुलगी तिच्या मावशीने स्वतःकडे नेली. मावशी वाईट नव्हती. तिचं म्हणणं एवढंच होतं की ज्या बापाला ऐकू येत नाही, त्याने लहान पोर एकट्याने कसं सांभाळायचं? मागच्या तारखेला दुभाषी मिळाला नव्हता, म्हणून बेकरीवाला न्यायाधीशांसमोर नुसता उभा राहून परत आला होता. आज त्याला आपलं म्हणणं मांडायचं होतं.

सकाळी ताई खाली आली. असल्या कामाला ती नेहमी गडद, बिननक्षीचे कपडे घालायची, हात उठून दिसावेत म्हणून. तिने मला दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. दाराची मूठ ओढली. गाडी ढिम्म.

"अरे, लवकर खाली ये!" तिने फोनवर सांगितलं.

खटपट्या अर्ध्या गालावर साबणाचा फेस घेऊन आला. त्याने मला तळहातावर आपटलं. माझ्यावर फुंकर मारली. मला काखेत धरून ऊब दिली. तो अपमान मी जन्मात विसरणार नाही. मग गाडीभोवती एक फेरी मारून त्याने निकाल दिला, "गाडीची बॅटरी गेली. मी तारा आणतो, शेजाऱ्यांच्या गाडीला जोडू."

"त्यासाठी पुढचं झाकण उघडावं लागेल ना?"

"हो. त्याचा खटका आत आहे, स्टिअरिंगखाली."

"आत म्हणजे बंद गाडीत?"

खटपट्या गालावरचा फेस पुसू लागला.

"दुसरी किल्ली कुठे आहे?" ताईने विचारलं.

"ती मी नीट जपून ठेवली आहे."

"कुठे?"

"तेच आठवत नाहीये."

"आणि ते पुस्तक?"

दोघांनी काचेतून आत पाहिलं. पुस्तक कप्प्यात होतं, कप्पा गाडीत होता, गाडी बंद होती.

ताईने टॅक्सीला फोन केला. इतक्या लांब जायला कोणी तयार होईना. एक हो म्हणाला आणि मधल्याच चौकातून दुसरीकडे वळला. खटपट्याने मदतकेंद्राचा नंबर लावला. तिथे एक गोड आवाज सांगत होता की तुमचा फोन आमच्यासाठी फार मोलाचा आहे, आणि फोन काही उचलत नव्हता.

आणि मी? सेल संपला म्हणून माझी शुद्ध जात नाही, मित्रांनो, फक्त आवाज जातो. मी मनातल्या मनात ओरडत होते. माझ्या कुशीला एवढीशी खिट्टी आहे, ती सरकवा! पण मला उलटसुलट करून कोणी बघेल तर ना.

"तुला कितीदा सांगितलं होतं, त्या पडद्यावर काहीतरी येतंय म्हणून!" ताईचा आवाज फुटला. "तो माणूस तिथे माझ्या भरवशावर उभा आहे. आज पुन्हा तारीख पडली, तर त्या पोरीला वाटेल, बाबा आपल्याला न्यायला येतच नाही."

खटपट्या मान खाली घालून पुन्हा मदतकेंद्राचा नंबर लावू लागला. मला त्याची दया आली, पण थोडीशीच.

तेवढ्यात ताईच्या फोनवर चेहरा उमटला. बेकरीवाला न्यायालयाच्या वऱ्हांड्यातून बोलत होता, म्हणजे हात हलवत होता. कुठे आहात? ताईने फोन गाडीच्या टपावर टेकवून ठेवला आणि हातांनी सांगितलं, गाडी उघडत नाही, किल्ली मेली. सांगता सांगता तिने मला त्याच्यापुढे धरलं.

त्याने मान पुढे करून माझ्याकडे निरखून पाहिलं. मग तो हसला. त्याच्या पावाच्या गाडीला माझीच बहीण होती. गाड्यांची टिंगटाँग त्याला ऐकू येत नसे, म्हणून गाडी जे काही लिहून सांगेल ते तो अक्षर न अक्षर वाचत असे. त्याची किल्ली मागे एकदा अशीच मेली होती. त्याने हात हलवायला सुरुवात केली, आणि सवयीने ताई मोठ्याने बोलू लागली.

"किल्लीच्या कडेला खिट्टी आहे. ती सरकव. पोटातून ओढ."

खटपट्याने खिट्टी सरकवली. इतक्या वर्षांनी ते पातं उजेडात आलं, कारखान्यातून निघालं तसं लखलखीत.

"अगं आई गं!" खटपट्या म्हणाला. "हे हिच्या पोटात होतं?"

होतं रे बाबा, होतं!

"दाराच्या मुठीशी एक टोपण आहे. पात्याच्या टोकाने काढ. खाली भोक असेल."

टोपण निघालं, भोक सापडलं, पातं फिरलं, दार उघडलं आणि त्याच क्षणी गाडीने चोर आल्यासारखी बोंब ठोकली. दिवे उघडझाप करू लागले. खिडक्यांतून माणसं डोकावली. खटपट्या दोन्ही कानांवर हात ठेवून गोल फिरू लागला.

फोनमधल्या बेकरीवाल्याने विचारलं, हे असे का नाचताहेत?

गाडी भयंकर ओरडतेय, ताईने सांगितलं.

मला तर काही त्रास नाही, तो म्हणाला, आणि त्या गोंगाटात ताई खळखळून हसली. मग ती टपावरचा फोन घेऊन सीटवर बसली. तिने गाडीचं बटण दाबलं. पडद्यावर आलं, 'किल्ली सापडली नाही.'

बेकरीवाल्याने शांतपणे एक मूठ दुसऱ्या तळहाताला चिकटवली.

"किल्ली बटणाला टेकव," ताई स्वतःलाच म्हणाली. "ब्रेकवर पाय ठेव. मग दाब."

तिने माझी पाठ बटणाला लावली. माझ्या आत एक कण असा आहे, ज्याला सेल लागत नाही. इतक्या जवळ गेल्यावर गाडीच त्याला जागं करते. मी माझा ओळखीचा गुप्त आकडा गाडीला सांगितला. अगदी कानाशी तोंड नेऊन सांगावा तसा. बोंब थांबली आणि इंजिन सुरू झालं.

"वाटेत बंद करू नकोस!" खटपट्या मागून ओरडला. त्या दिवशीचं त्याचं एवढं एकच वाक्य कामाचं होतं.

आम्ही पोचलो तेव्हा बेकरीवाल्याचा पुकारा होत होता. मी पर्समध्ये होते, त्यामुळे मला काही दिसलं नाही, फक्त आवाज ऐकू आले. मावशीच्या वकिलाने विचारलं, "रात्री मुलगी रडली, तर तुम्हाला कसं कळणार?"

आधी बेकरीवाल्याचे हात बोलले असणार. मग ताई बोलू लागली, त्याच्या वतीने. "आई गेल्यापासून ती माझ्या दंडावर हात ठेवून झोपायची. ती वाईट स्वप्न पाहायला लागली, की तिची बोटं आवळायची. ती रडायच्या आधी मी जागा व्हायचो. आता ती माझ्याजवळ नाही, तरी मी रोज जागा होतो." शेवटच्या शब्दांना ताईचा आवाज कापरा झाला. दुभाष्याचा तसा व्हायचा नसतो म्हणे.

निकाल पुढे काही दिवसांनी लागला. मुलगी बापाकडे आली. मावशीने दर सुट्टीला भेटायचं ठरलं, आणि ती येते. ताईसाठी बेकरीतून अधूनमधून गरम पाव येतात. मला नवा सेल मिळाला. खटपट्याने तो आधी उलटा बसवला, ते वेगळं सांगायला नको.

मित्रांनो, तुमच्या घरातही अशा वस्तू असतील. भिंतीवरचं घड्याळ, विजेरी, आजोबांचं कानाचं यंत्र. ती बंद पडण्याआधी काहीतरी सांगतात. मंद होतात, मागे पडतात, चिन्ह दाखवतात. तेव्हा 'ठीक आहे' दाबून पुढे जाऊ नका. ती वस्तू हातात घ्या, उलटी करून बघा, तिची खिट्टी कुठे आहे ते शोधा. एक सेल बदलायला कितीसा वेळ लागतो? आणि तो वेळ काढला नाही, तर दुसऱ्या गावात कोणीतरी दाराकडे डोळे लावून ताटकळत उभं राहतं.