ज्यांची ओळच नव्हती

मी एक जुने, हाताने फिरवायचे गणकयंत्र आहे आणि मी रागावलेले आहे. हे आधीच सांगितलेले बरे. मित्रांनो, तुम्ही शाळेच्या सहलीला या संशोधन संस्थेत येता, काचेच्या कपाटाला नाक लावून मला बघता आणि तुमच्यातले कोणीतरी म्हणते, "किती गोड मशीन आहे." मी गोड नाही. मी चौदा किलो बीड आणि पोलाद आहे. आणि माझ्या पायाशी जी पितळी पाटी लावली आहे, ती खोटी आहे. ती खोटी कशी, एवढेच मला सांगायचे आहे.

माझी दातेरी चाके एका म्हाताऱ्या फिटरने कानशीने घासून बसवली. प्रत्येक चाक तो कानाशी धरून फिरवी. मनासारखा आवाज आला नाही तर पुन्हा घाशी. मला खोक्यात ठेवताना तो शेजारच्याला म्हणाला, "आळशी निघालं तरी चालेल, लबाड नको." मी आळशीही निघाले नाही.

या संस्थेत मी आले तेव्हा तळमजल्यावर, सायकलस्टँडकडे खिडकी असलेल्या एका खोलीत मला ठेवले. दारावर 'संख्याशास्त्र विभाग' असे लिहिले होते. विभाग म्हणजे बाई, मामा आणि मी. बाई गणित मांडत. मामा पूर्वी छापखान्यात होते, त्यांचे मनगट दणकट होते, म्हणून माझे हँडल त्यांच्याकडे. मामा आकडे लावत, हँडल फिरवत आणि आलेले उत्तर मोठ्याने वाचत. बाई ते पेन्सिलीने लिहीत. चुकले तर त्या रबराने पुसत नसत, वर एक आडवी रेघ मारत. "खोडलेलंही वाचता आलं पाहिजे," असे त्या म्हणत. आणि प्रत्येक हिशेब दोनदा करत, पहिला बरोबर आला तरी.

मला आकडे जन्मापासून येत. अक्षरे फार उशिरा आली. कितीतरी वर्षे रकान्याच्या डोक्यावर काय लिहिले आहे ते मला कळत नसे. पोत्यांचे वजन असो की तापाचे दिवस, मला सगळे सारखेच. हळूहळू मामांच्या वाचण्यावरून मी अक्षरे ओळखायला शिकले. कधी कधी वाटते, शिकले नसते तर सुखी राहिले असते.

बाईंचे काम काय होते, ते सोपे करून सांगते. शेतीवाले येत आणि विचारत, "खत जास्त टाकलं तर दाणा किती वाढतो?" पूलवाले तारांच्या ताकदीबद्दल विचारत. कोणी मधमाश्यांचे वजन घेऊन येई, कोणी आजाऱ्यांची झोप. सगळ्यांच्या वह्या निराळ्या, पण बाई सगळ्यांचे एकच करत. कागदावर ठिपके मांडत आणि त्या ठिपक्यांमधून कमीत कमी चुकणारी रेघ शोधत. ती रेघ शोधायला हजारो गुणाकार लागत. ते माझे काम. रेघ सापडली की एका गोष्टीमुळे दुसरी किती बदलते त्याचा अंदाज बांधता येई. पण बाई रेघेच्या आधी नेहमी एक विचारत, "हे ठिपके आले कुठून?"

एकदा मासेवाले साहेब वैतागून आले. तळ्यात लहान मासे सापडतच नव्हते. "माशांनी पिल्लं घालणं बंद केलंय, बाई. तळं मरणार."

बाईंनी विचारले, "जाळ्याचं भोक केवढं आहे?"

"चार बोटं."

"मग पिल्लू काय तुमच्यासाठी आत थांबून राहील?"

मामा इतके हसले की माझे हँडल उलटे फिरले. साहेबही कानकोंडे होऊन हसले. लहान मासे होते. ते जाळ्यातून निसटत होते, एवढेच. त्या दिवसांत माझे कौतुक होई. लोक माझ्या पाठीवर थोपटत. एका साहेबांनी तर माझ्यासाठी कापडी खोळ शिवून आणली.

मग एके दिवशी कारखान्याचे डॉक्टर वही घेऊन आले.

शहराबाहेर दगडाची पूड करणारा मोठा कारखाना होता. आजही आहे. त्याच्या दळणखात्यात एवढी धूळ उडे की समोरचा माणूस आवाजावरून ओळखावा लागे. कामगारांनी धूळ ओढून घेणारे पंखे मागितले होते. मालक म्हणाले, आधी धुळीने काही होते असे सिद्ध करा, मग पंखे. म्हणून डॉक्टरांनी चारशे बारा कामगारांना एका नळीत जोरात फुंकायला लावले होते आणि प्रत्येकाचा श्वास किती लिटर भरला ते लिहून आणले होते. शेजारी वय, उंची, विडीची सवय आणि धुळीत काढलेली वर्षे.

बाईंनी गणित मांडले, मामांनी हँडल फिरवले, मी उत्तर दिले. वीस वर्षे धुळीत काम केलेल्यांचा श्वास नव्यांपेक्षा कमी नव्हता. उलट वय धरून पाहिले तर थोडा जास्तच होता.

डॉक्टर माणूस हसतमुख. म्हणाले, "म्हणजे धूळ पौष्टिक दिसतेय, बाई."

मामा दुसरा हिशेब करत होते. ते मध्येच थांबले. माझी चाके अर्ध्यावर अडकली.

"बाई, माझा धाकटा भाऊ यातल्या कुठल्या ओळीत आहे?"

"यात नावं नाहीत, मामा. नुसते नंबर आहेत."

"तसं नव्हे. बारा वर्षं तो दळणखात्यात होता. दोन वर्षं झाली घरी बसलाय. त्याला फुंकायला कोणी बोलावलंच नाही."

डॉक्टर म्हणाले, "अहो, तो कामावर नाही ना आता. वही कामावर असलेल्यांची आहे."

"कामावर नाही, कारण जिना चढवत नाही त्याला."

बाईंनी पेन्सिल खाली ठेवली. "मामा, मासेवाले साहेब आठवतात?"

"चार बोटांचं जाळं."

"हे तेच. ज्यांचा श्वास गेला ते केव्हाच गळून गेले. वीस वर्षं टिकले ते मुळातच दणकट."

मित्रांनो, मी केलेला एकही गुणाकार चुकला नव्हता. हेच मला सहन होईना. माझ्यात जे घातले ते मी चोख मोजले, आणि जे माझ्यापर्यंत आणलेच नाही त्याचा मला वासही आला नाही. राग पहिल्यांदा आला तो तेव्हा, आणि तो माझा माझ्यावरच होता.

पुढचे चार महिने बाई आणि मामा सुट्टीच्या दिवशी घरोघर हिंडले. कारखान्याच्या हजेरीकारकुनाने जुने हजेरीपट दाखवले. दळणखाते सोडून गेलेली माणसे निघाली एकशे एकोणचाळीस. फुंकायचे यंत्र डॉक्टरांनीच दिले. "मी दिलं असं कुठे बोलू नका," एवढे म्हणाले. मी खोलीतच होते, पण सोमवारी मामा सगळे सांगत. एका बाईने दार अर्धवट उघडून म्हटले होते, "आता आलात? दोन वर्षं झाली त्यांना जाऊन." एका म्हाताऱ्याने फुंकून झाल्यावर विचारले, "पास की नापास?" मामांचा धाकटा मधे दोनदा थांबून फुंकला आणि म्हणाला, "दादा, एवढं फुंकायला लावतोस तर समोर मेणबत्ती तरी ठेवायची."

एकशे एकोणचाळीसपैकी अठ्ठावीस वारले होते. पंधरांचा पत्ता लागला नाही. शहाण्णव जणांचे श्वास वहीत आले. धाकट्याची ओळ आली तेव्हा मामांनी आकडा मोठ्याने वाचला नाही. एक पूर्णांक चार. त्या वयाच्या माणसाचा साडेतीन असतो.

बाईंनी सगळे नव्याने मांडले. वयाचा परिणाम काढून, उंचीचा काढून, विडीचा काढून जे उरले ते असे होते: धुळीतल्या प्रत्येक वर्षामागे माणसाचा श्वास दोन मोठे चमचे कमी होतो. वीस वर्षांत अर्ध्या लिटरहून जास्त. यात मेलेले धरलेच नव्हते. त्यांचा श्वास कोण मोजणार? ते धरले असते तर उत्तर आणखी वाईट आले असते.

बाईंनी अहवाल लिहून संचालकांकडे दिला. संचालक तो घेऊन खाली आमच्या खोलीत आले. यापूर्वी ते कधी आले नव्हते.

"बाई, कामावर नसलेल्यांची माहिती अपूर्ण आहे. अपूर्ण ओळी गाळायच्या, हा तर तुमच्याच शास्त्राचा नियम."

"त्या अपूर्ण का आहेत, तेच तर उत्तर आहे, साहेब."

"कारखाना आपल्याला नवी इमारत बांधून देतोय. थोडं समजून घ्या."

"समजून घेऊनच बोलतेय. माझं नाव काढा त्याच्यावरून."

त्यांनी नाव काढले. अहवाल छापला, पहिल्या उत्तराचा. चारशे बारा ओळी, गुळगुळीत कागद, मागे माझ्या आकड्यांचे तक्ते. माझे खरे आकडे त्यांनी खोटे बोलायला वापरले. बाईंना ग्रंथालयात पुस्तकांवर शिक्के मारायला बसवले. पंखे बसले नाहीत. अहवालानंतर चौदा महिन्यांनी मामांचा धाकटा गेला. मामा पाचव्या दिवशी कामावर आले आणि दुपारभर माझे हँडल धरून बसले. त्यांनी ते फिरवले नाही.

नंतर संगणक आला. मला जिन्याखाली ठेवले. फरशी पुसणारी बाई माझ्यावर बादली ठेवी. मला त्याचा राग नाही. बादली प्रामाणिक असते.

राग आला तो संस्थेला पन्नास वर्षे झाली तेव्हा. नव्या इमारतीच्या दारात काचेचे कपाट केले आणि मला त्यात ठेवायचे ठरले. पाटी कोरून आली: 'धुळीसंबंधीचे संस्थेचे गाजलेले संशोधन याच यंत्रावर झाले.' मला पुसून, तेल घालून कपाटात बसवायचे काम मामांना दिले. त्यांच्या नोकरीचा तो शेवटचा आठवडा होता.

मामांनी मला नीट पुसले. दात्यांतली धूळ ब्रशने काढली. मग माझ्यावर एक आकडा लावला आणि हँडल एकदा फिरवले. माझ्यासारख्या यंत्राला उजवीकडे एक छोटी किल्ली असते. ती फिरवली की सगळे आकडे पुसले जाऊन शून्य होते. मामांनी ती किल्ली पान्याने सोडवली आणि खिशात घातली.

तेवढ्यात ग्रंथालयातून बाई खाली आल्या. केस पांढरे झाले होते. त्यांनी वाकून माझ्या उत्तर दाखवणाऱ्या छोट्या खिडक्यांतला आकडा वाचला.

"एकशे एकोणचाळीस," त्या म्हणाल्या.

"हो," मामा म्हणाले, आणि त्यांनी काच सरकवली.

मित्रांनो, जुन्या वस्तूंची काळजी घ्या, असे शेवटी सांगायची आम्हा जुन्या वस्तूंत रीत आहे. माझी घेऊ नका. मला चकाकवू नका. माझ्या खिडक्यांतला आकडा पुसायला कोणी नवी किल्ली करून आणलीच, तर त्याला अडवा. पुडीचे ट्रक अजून तुमच्या शाळेवरून जातात, आणि दळणखात्यात अजून पंखे नाहीत. पुढच्या वेळी याल तेव्हा काचेतून तो आकडा वाचा आणि माहिती सांगणाऱ्या माणसाला विचारा की हे एकशे एकोणचाळीस म्हणजे काय. तो म्हणेल, काही नाही, असंच राहिलंय.

पुन्हा विचारा. सगळ्यांनी मिळून विचारा, आणि तो उत्तर देईपर्यंत दारातून हलू नका.