उघड्या फाटकातले पिंगळेसाहेब

अच्युत पिंगळे एकदा एखाद्या गोष्टीच्या मागे लागले की त्या गोष्टीचीच दया यावी. भोपाळच्या एका सरकारी कारखान्यात सुरक्षा अधिकारी म्हणून त्यांची सगळी नोकरी गेली. कारखान्याच्या वसाहतीमागे तारेच्या कुंपणात केंद्र सरकारची भलीमोठी जागा होती. चिंचा, पळस आणि मधोमध तलाव. आत जायला मात्र सक्त मनाई. मनाई कशासाठी, हे कुंपण घालणारेसुद्धा विसरले असतील, पण नियम तो नियम! पिंगळ्यांनी सरपणवाले परतवले, पतंगवाले परतवले आणि घरी येऊन बायकोला तलावाचं कौतुक ऐकवलं. मंजूषाबाई म्हणायच्या, एकदा दाखवा तरी. तर म्हणे, पास लागतो. धन्य तो नवरा.

निवृत्त झाल्यावर मात्र हेच गृहस्थ उलटे फिरले. आता तिथे राखण्यासारखं काही उरलेलं नाही, जागा लोकांना द्या, असं म्हणत त्यांनी कचेऱ्यांचे उंबरे झिजवले. लोक हसले. हसोत बापडे. शेवटी दिल्लीहून हुकूम आला की जागा खुली, पण या हिवाळ्यापुरती. लोक आले तर कायमची, नाही आले तर पुन्हा कुलूप.

फाटक उघडलं आणि पिंगळे रोज सकाळी तिथे खुर्ची टाकून बसू लागले. इस्त्रीचा शर्ट, पॉलिश केलेले बूट, पाठ ताठ. येईल त्याचं स्वागत करायचं, एवढाच हेतू. पण कुणी येईचना. माणसं वळणापर्यंत यायची, घुटमळायची आणि माघारी जायची. पिंगळ्यांचा जीव तीळतीळ तुटायचा. लोकांना फुकटचं नकोच असतं, असं पुटपुटत ते जेवण अर्धवट टाकून उठायचे.

मंजूषाबाई माहेरच्या ग्वाल्हेरच्या, गप्प बसणाऱ्यांतल्या नव्हेत. भाजीबाजारात त्यांनी शेजारच्या रत्नप्रभाताईंना गाठलं आणि आत फिरायला का येत नाही, ते विचारलं. त्यांनी आधी गुडघ्यांचं निमित्त सांगितलं, मग थंडीचं. मटारच्या शेंगा निवडता निवडता मात्र खरं बोलून गेल्या. फाटक उघडं असेलही हो, पण साहेब बसलेले असतात ना! त्यांच्यासमोरून आत जायला पायच उचलत नाही. आमच्या नीळकंठरावांना त्यांनी पूर्वी चारचौघांत बाहेर काढलंय, ते अजून त्या रस्त्याला जात नाहीत.

मंजूषाबाई हसू दाबत घरी आल्या आणि नवऱ्यापुढे चहा ठेवत म्हणाल्या, "अहो, तुम्ही तिथे बसता तोवर लोकांना ते फाटक बंदच दिसतं."

पिंगळ्यांनी चहाला हात लावला नाही. रविवारी दिल्लीहून एक अधिकारी बाई पाहणीला येणार होत्या आणि त्या जो शेरा मारतील तो शेवटचा. ते म्हणाले, मग मी घरीच बसतो. आवाज इतका बारीक की हसायच्या तयारीत असलेल्या मंजूषाबाई हसायचं विसरल्या. पण बाई खमक्या. तुम्ही घरी बसलात तर लोक म्हणतील, साहेब झाडामागे दबा धरून बसलेत. त्यापेक्षा माझ्याबरोबर आत चला, फिरायला.

रविवारी दोघं निघाली. फाटकातून जाताना पिंगळ्यांचा हात पाससाठी खिशाकडे गेलाच. मंजूषाबाईंनी वाटेलगतच्या चिंचेखाली चादर अंथरली, पोहे-जिलबी मांडली आणि नवऱ्याला बूट काढायला लावले. साहेब अनवाणी बसून जिलबी खातायत, ही बातमी वसाहतीत वाऱ्यासारखी पसरली. माणसं आली! पण जो तो चादरीपाशी थांबून हात जोडायचा, साहेब, जाऊ का आत? तेवढ्यात दिल्लीच्या बाईंची गाडी आली. त्या फाटकापाशीच थांबून बघत होत्या. इथे अजून परवानगी लागते का, असं त्यांनी बरोबरच्या कारकुनाला विचारलेलं चादरीपर्यंत ऐकू आलं.

"झोपा," मंजूषाबाई दातांतल्या दातांत म्हणाल्या.

पिंगळे आडवे झाले, तोंडावर रुमाल घेतला. मग पावलं सुरू झाली. एक जोडी, दुसरी, मग घोळकाच. पिंगळ्यांना रुमालाखाली हसू फुटलं. पण हळूहळू ते हसू मावळलं. ही पावलं दबकी होती. शू, हळू, साहेब उठतील, अशी कुजबुज चालली होती. कुणी चपला हातात घेतल्या होत्या, कुणी पोरांच्या तोंडावर हात धरला होता. असली पावलं ओळखण्यात पिंगळ्यांची हयात गेली होती. आज आपल्या भीतीनं ही भली माणसं चोरासारखी चाललीत, हे त्यांना सोसवेना.

ते ताडकन उठून बसले. "थांबा!"

जो तो जागच्या जागी थिजला. नीळकंठराव रागरुसवा गिळून कसेबसे आले होते, त्यांच्या हातातल्या चपला खाली पडल्या. दिल्लीच्या बाईंनी चष्मा काढला. मंजूषाबाईंनी कपाळाला हात लावला. झालं, सगळं मुसळ केरात.

पिंगळे अनवाणीच उभे राहिले. काय बोलायचं ते ठरलेलं नव्हतं आणि डोळे तर भरून आले होते.

"चपला घाला," ते म्हणाले, "आणि मोठ्यानं बोला. जागा तुमची आहे."

मग नीळकंठरावांनी चपला पायात सरकवल्या आणि बायकोला, ती हातभर अंतरावर असताना, तलावापलीकडे ऐकू जाईल अशी हाक मारली. पोरं सुटली. कुणी हसलं, कुणी भांडलं, कुणी घरच्यांना फोन करून बोलावू लागलं. दिल्लीच्या बाई चादरीपाशी आल्या आणि जिलबी उरली आहे का म्हणून विचारू लागल्या. एवढा गलका चालला होता की त्यांना दोनदा विचारावं लागलं.