मडमेची दगडी उशी

काथ्याच्या ब्रशात अडकलेलं शेवाळ अजून ओलं होतं, हिरवंगार... म्हणजे आजही चर्चमधली मिस्सा, रविवारची प्रार्थना संपल्यावर हे तिथेच गेले, कार्मिनच्या मनात आलं, त्या मडमेकडे.

रेल्वेचे रूळ पडत होते तेव्हाच्या कुणा गोऱ्या इंजिनियरची बायको, बाविसाव्या वर्षी तापाने गेलेली. नवऱ्याने कबरीवर दगडाचा अख्खा पलंग घडवून घेतला होता, चुण्या पडलेल्या चादरीसकट, उशीला डोक्याचा खळगासुद्धा होता—आणि शंभर वर्षं तिला कुणी उठवलं नव्हतं. फ्लॉसी मात्र... तीन वर्षांची फ्लॉसी सात वर्षं निजली, मग चौऱ्याहत्तर साली रिवाजाप्रमाणे तिची हाडं काढून ती जागा दुसऱ्या कुणाला दिली. तापाने गेलेल्या या लेकीला पुरलं तेव्हा कार्मिन स्वतः त्याच तापात बेशुद्ध होती. नंतर चर्चमागच्या त्या आवारात तिचा पाय कधी वळलाच नाही.

आणि ॲन्सेल्म, लेकीचं नाव घरात पुन्हा न उच्चारणारा तिचा मास्तर नवरा, गेली चार वर्षं दर रविवारी त्या परक्या बाईची उशी घासत होता. माझी उशी कधी सारखी केली होती यांनी?

बादली तिथेच राहिली म्हणून तो दुपारी पुन्हा निघाला, तेव्हा ती मागोमाग गेली. तो पलंगाच्या कडेवर बसला होता, घरच्यासारखा.

"एवढं काय आहे हो या बाईत?"

त्याने वळून पाहिलं. मग पलंगाच्या पायथ्याशी बोट दाखवलं. "फ्लॉसी इथे होती. या दगडाला लागून."

तिथे आता कुणा सिप्रियनचा क्रूस होता, त्यावर ताजी झेंडूची माळ.

"दुसऱ्यांच्या माणसापाशी किती वेळ बसणार?" तो म्हणाला. "इथे घासत बसलं की कुणी विचारत नाही."

"मला का नाही सांगितलंत?"

"तुला सोसेल असं वाटलं नाही."

मडमेबद्दलचा सगळा राग एका क्षणात ओसरला, पण छातीतली जळजळ तशीच राहिली—चार वर्षं हा माणूस लेकीपाशी येऊन बसत होता, एकटा, आणि मी तिकडे घरात भाताला आधण ठेवत होते, मला वाटत होतं तिला आता कुठे जागाच उरली नाही...

तो सरकला. शेजारी एका माणसापुरती जागा झाली. कार्मिन उभीच राहिली; तिला तिथे लेकीपाशी एकटीला बसायचं होतं, आणि त्याआधी त्याने तिथून उठायला हवं होतं.