पुसलेलं पान

माझ्या आईची, जयवंताबाईची, वलगावच्या बाजारात एक ख्याती आहे. तिच्या पाटीत माती लागलेलं वांगं कुणी दाखवावं आणि अख्खी पाटी फुकट घेऊन जावी. पहाटे ती एकेक वांगं ओल्या फडक्यानं पुसते, देठ एका बाजूला करून रचते. लोक तिच्याशी भाव करत नाहीत असं ती सांगते, ते काही खरं नाही. करतात, पण घेतात तिच्याकडूनच.

ही सवय एक दिवस माझ्याच मुळावर येईल असं मला वाटलं नव्हतं.

मी सक्युलंटचे फोटो काढते, काळ्या-पांढऱ्यात. जाड पानांची, थोड्या पाण्यावर जगणारी ही झाडं आमच्या गच्चीवर तेलाच्या रिकाम्या डब्यांत वाढतात. अकोल्याच्या फोटोग्राफर शेखरदादाची लेन्स मी दोन दिवसांसाठी मागून आणली होती. तिच्यातून पानाचं एक टोक लख्ख दिसतं आणि बाकी सगळं धूसर होतं. रंग गेले की नजरेत भरतो तो पानांवरचा पांढुरका थर, द्राक्षांवर असतो तसा. बोट लागलं की तो जातो आणि त्या पानावर परत येत नाही. कमळासारख्या दिसणाऱ्या एका झाडाचा थर मी तीन वर्षं जपला, त्यावर पाऊससुद्धा पडू दिला नाही. मोबाइलवर त्याचा साधा फोटो पाहून अमरावतीत फोटोंचं प्रदर्शन भरवणाऱ्या केशवरावांनी तिथली दारासमोरची भिंत माझ्यासाठी राखून ठेवली होती. खरा फोटो त्या दिवशी चार वाजेपर्यंत द्यायचा होता.

त्याच दिवशी सकाळी गच्चीवर गेले तर झाड हिरवंगार, चकचकीत.

"लय धूळ बसली होती त्यावर," आई फडकं पिळत म्हणाली. "लोकायसमोर जाऊन राहिलं, मंग असं मळकं कसं पाठवाचं? माह्या पोरीचं नाव लागते त्याले."

"धूळ नव्हती ते," मी ओरडले. "तुले काय समजते यातलं? तू तुह्ये वांगे पुस."

शेवटचं वाक्य बोलायला नको होतं. आईनं पाटी उचलली आणि बाजारात गेली.

मी रडून घेतलं, मग कॅमेरा काढला. सगळ्या पानांवरचा थर गेला होता, मागचं एक पान सोडून. ते तिनं नुसतं धरलं असावं, कारण थरावर तिचा अंगठा उमटला होता. रेघ न् रेघ दिसत होती आणि मधून आडवा गेलेला विळ्याचा जुना वण. मी फोकस त्या वणावर आणला. बाकीचं झाड विरून गेलं. एवढा चांगला फोटो मी आजवर काढला नव्हता, आणि ते मला बटण दाबतानाच कळलं.

केशवरावांनाही तो आवडला. "फक्त तो बोटाचा डाग कॉम्प्युटरवर काढून टाक," ते म्हणाले. "दहा मिनिटांचं काम आहे."

"डाग नाही तो. माह्या आईचा अंगठा हाय. तो राहीन."

"मग समोरच्या भिंतीवर नाही लावता येणार."

"नका लावू," मी म्हणाले.

दोन दिवसांनी आई बाजार आटोपून तशीच प्रदर्शनात आली. फोटो कोपऱ्यात, पिण्याच्या पाण्याच्या कूलरशेजारी लागला होता. ती जवळ गेली, मागे सरली, परत जवळ गेली. मग आपला अंगठा फोटोशेजारी धरून पाहिला.

"हा त माहा हाय."

"हो. त्या दिवशी चुकली मी. वांग्याचं बोलाचं नव्हतं."

"जाऊ दे ते. एवढी मोठी भिंत सोडून इथं कोपऱ्यात काहून लावला?"

मी सांगितलं. अंगठा पुसा म्हणत होते, मी नाही म्हटलं.

आईनं पदर सारखा केला आणि कूलरशेजारी उभी राहिली. पाणी प्यायला येणाऱ्या प्रत्येकाला ती थांबवत होती. "हे पान पुसाले म्या घेतलं होतं," ती सांगायची, "अन् हा फोटो माह्या पोरीनं काढला." मी तिच्या शेजारी उभी राहून ऐकत होते. समोरच्या भिंतीवर कुणाचं काय लागलं होतं, ते मला आजही ठाऊक नाही.