सगळ्या मंठ्याचा नंबर

देवानंद जेवायला बसला की फोन वाजायचाच. मीना आता मान वर करूनही बघत नसे. भाकरी तव्यावरून उतरवता उतरवता ती नुसतं विचारी, "आज कोण?"

"पुष्पाबाई. पासवर्ड इसरल्या परत."

मग हा भला माणूस उष्टा हात वर धरून, डाव्या हाताने अंगणवाडीच्या पुष्पाबाईंना फोन लावून कोडचे आकडे सांगायचा. त्या दोनदा विचारून घ्यायच्या आणि चुकीचे टाकायच्या. तोवर भाकरी गार.

हे दुखणं त्याने स्वतःच्या हाताने ओढवून घेतलं होतं. मंठ्यात एका बियाण्याच्या दुकानात तो बिलं करायचा, पण जीव सगळा कॉम्प्युटरमध्ये. गावात कॉम्प्युटर नवे होते तेव्हा ज्याला त्याला ईमेल काढून द्यायची त्याला भारी हौस. लोकांचे नंबर तेव्हा सारखे बदलायचे, कुणाकडे तर मोबाइलच नसायचा. त्यामुळे कोड कोणत्या नंबरवर पाठवायचा असं पडद्यावर आलं की देवानंद आपला नंबर टाकून मोकळा व्हायचा. आता मंठ्यात एकेका माणसाच्या खिशात दोन-दोन मोबाइल आहेत, पण कोड येतो तो देवानंदकडेच. भाजी घेताना येतो, दाढी करताना येतो. मेव्हण्याच्या तेराव्याला पंगतीत आला तेव्हा मीनाने सगळ्यांदेखत कपाळावर हात मारून घेतला होता.

त्याचा एक ब्लॉगही होता. 'सोपा कॉम्प्युटर आणि इकडचं तिकडचं.' वरच्या अर्ध्या भागात एखादी युक्ती. कीबोर्डमधली धूळ कशी काढावी, सेव्ह केलेली फाइल कुठे जाऊन बसते, असलं काही. खालच्या अर्ध्या भागात मनात येईल ते. स्टँडवरचा चहा दिवसेंदिवस पातळ का होतोय, यावर त्याने एकदा पानभर लिहिलं होतं. आणि 'आपल्या खात्याला दुसऱ्याचा नंबर कधीही देऊ नका' ही युक्ती तर ठळक अक्षरांत होती. ती लिहीत असतानाच अडतवाल्या राधेश्यामशेठचा कोड आला होता, ही गोष्ट वेगळी.

वाचणारा खरा एकच. शहागडचा मुबारक. हायवेला लागून त्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं. दोघे जालन्याला एकाच क्लासात, एकाच कॉम्प्युटरपुढे दोन खुर्च्या टाकून शिकले होते. देवानंदने काहीही लिहिलं तरी खाली मुबारकची ओळ ठरलेली, 'बराबर है भाऊ.' फक्त त्या ठळक अक्षरांतल्या युक्तीखाली त्याने लिहिलं होतं, 'हे बिलकुल चूक है भाऊ.' देवानंदला वाटलं, चेष्टा करतोय.

मुबारक गेला. दुकानात बसल्याबसल्या छातीत कळ आली आणि संपलं. माती देऊन आल्यापासून देवानंदने ब्लॉग उघडला नव्हता. कुणासाठी लिहायचं?

त्या गोष्टीला दोन वर्षं होत आली, आणि त्याच्या दुसऱ्या ईमेलवर नोटीस आली. खातं बराच काळ वापरात नाही. महिनाअखेरपर्यंत उघडलं नाही तर ब्लॉगसकट सगळं पुसलं जाईल.

पुसा, देवानंद मनात म्हणाला. तो थकला होता. काम करून माणूस थकतो आणि झोपला की बरा होतो, तसला हा थकवा नव्हता. ब्लॉग जाऊ दे आणि हा नंबरही एकदाचा बंद करू, असं त्याने मीनाला सांगून टाकलं. ती म्हणाली, "देव पावला."

लोकांना मात्र ते पटेना. राधेश्यामशेठ अडतीवर गादीला टेकून म्हणाले, "राहू द्या ना तुमच्याकडंच. माझ्याकडं आला तर मला चष्मा शोधावा लागतो." पुष्पाबाईंना तर रडूच आलं. देवानंदने हात टेकले. येत्या सोमवारी सिम बंद, मग ज्याने त्याने आपलं बघावं, असं त्याने ठरवलं.

रविवारी दुपारी मीना आडवी झाली होती. देवानंद सहज कॉम्प्युटरपुढे बसला आणि तेव्हा कुठे त्याच्या डोक्यात आलं. ब्लॉग पुसला म्हणजे मुबारकच्या ओळीही पुसल्या जाणार. दुसरीकडे कुठे त्याचं लिहिलेलं एक अक्षर नव्हतं. मीनाला उठवावं असं त्याला वाटलं, पण उठवून सांगणार काय?

त्याने पासवर्ड टाकला. चुकला. दुसरा टाकला, तोही चुकला. सगळ्या गावाला हसणारा माणूस स्वतः पासवर्ड विसरून बसला होता. कोड पाठवला आहे, असं पडद्यावर आलं. देवानंदने फोन हातात घेतला आणि वाट बघत बसला.

एरवी जेवू न देणारा तो फोन गप्प होता.

त्याने पडद्यावर नीट पाहिलं. नंबरचे आकडे झाकलेले होते, शेवटचे दोन तेवढे दिसत होते. ते त्याचे नव्हते. आणि मग त्याला तो क्लास आठवला, त्या दोन खुर्च्या, आणि मुबारकचं बोलणं. "तुझ्या खात्याला माझा नंबर टाक, माझ्याला तुझा. एकाचा फोन गेला तर दुसऱ्याचा तर है."

रिचार्ज थांबला की कंपनी नंबर काढून भलत्यालाच देते, ही युक्तीही देवानंदनेच ब्लॉगवर लिहिली होती. तरी त्याने मुबारकचा नंबर लावला. रिंग गेली.

"देवानंदभाई?"

मुबारकची बायको, सरदारबी.

"भाभी, हा नंबर... चालू है अजून?"

"है ना. साजिया म्हणती, अम्मी, कशाला ठेवलास. पण ते कायम सांगायचे, देवानंदचा कोड येतो याच्यावर, बंद नको पडू देऊ. मंग मी रिचार्ज मारते, चार्जिंगला लावून ठेवते रोज. तुम्ही लय दिवस आलेच न्हाई."

"न्हाई आलो भाभी," देवानंद म्हणाला.

"आत्ता काहीतरी वाजलं बघा. थांबा, आकडे वाचता येतात मला."

तिने एकेक आकडा सावकाश सांगितला. त्याने दोनदा विचारून घेतला, अगदी पुष्पाबाईंसारखा, आणि तरी एकदा चुकला. मग ब्लॉग उघडला. मुबारकच्या ओळी जिथल्या तिथे होत्या.

"झालं का काम?" सरदारबीने विचारलं. "मंग आता बंद करू का हा नंबर?"

पडद्यावरही तेच विचारलं होतं. खात्याला जोडलेला हा नंबर अजून तुमचाच आहे का? नसल्यास बदला. काय करावं हे देवानंदने स्वतःच ठळक अक्षरांत लिहून ठेवलं होतं.

"नका करू भाभी," तो म्हणाला. "परत लागल मला." आणि त्याने 'होय, माझाच आहे' यावर क्लिक केलं.

सोमवारी तो सिम बंद करायला गेला नाही. दुपारी जेवताना फोन वाजला. मीनाने तव्यावरून नजर न काढता विचारलं, "आज कोण?"