उभी राणी

नाट्यगृहाच्या दालनासाठी जुन्या गाजलेल्या नाटकांतल्या प्रवेशांची चित्रं हवी होती. ते काम चित्रकर्तीला मिळालं. तिची आई एकेकाळी तिथेच राणीच्या भूमिकेत गाजली होती, त्यामुळे राणीच्या चित्रासाठी तिनं आईलाच समोर उभं केलं. "गुडघे टेक," म्हटल्यावर आई म्हणाली, "दुखतात." मग लेकीनं उभी राणी रंगवली, आणि रंगवता रंगवता तीच तिला पटत गेली.

दालनात लावून दाखवलेली पहिली चार चित्रं नाट्यगृहाच्या अध्यक्षांना पसंत पडली. पाचव्यापाशी त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. नाटकाच्या शेवटी राणी निर्दोष ठरते, तरी राजाच्या पायाशी बसून क्षमा मागते. इथे मात्र ती राजाच्या नजरेला नजर भिडवून ताठ उभी!

"हे नाटकात नाही. बदला."

"तिनं काय केलंय, म्हणून गुडघे टेकायचे?" चित्रकर्तीनं विचारलं.

"मला नाटक शिकवू नका! तुमच्या आईंनाच विचारा."

लेकीसोबत आलेली आई काठी टेकत पुढे आली. "मी रोज टेकायचे. टाळ्या पडायच्या आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. एका प्रयोगाला उभीच राहिले, अश्शी. तेव्हा तुमचे वडील अध्यक्ष; त्यांनी घाईघाईनं पडदा पाडला. दुसऱ्या दिवशी राणी दुसरीच!"

लेक बघतच राहिली. आई याबद्दल घरात चकार शब्द बोलली नव्हती.

"हे चित्र इथे लागणार नाही," अध्यक्ष तोडून बोलले.

"मग एकही लागणार नाही." चित्रकर्तीनं स्टूल ओढलं आणि पाचही चित्रं उतरवली. संध्याकाळी प्रयोगाच्या वेळी तिनं ती नाट्यगृहासमोरच्या रस्त्याच्या कठड्याला सुतळीनं बांधली. तिकिटं हातात घेतलेले लोक राणीपाशी थांबू लागले. तिसरी घंटा झाली तरी गर्दी हलेना.

अध्यक्ष तरातरा बाहेर आले. "काढ ती चित्रं!" त्यांनी पहारेकऱ्याला फर्मावलं.

"रस्ता आपला नाही, साहेब," पहारेकरी म्हणाला आणि स्वतःच मान वाकडी करून चित्र पाहू लागला.

"आई, दमलीस? घरी जाऊ या?" लेकीनं कठड्याशी उभ्या असलेल्या आईला विचारलं.

"छे गं! अजून ते मागचे लोक पुढे यायचेत."